फिरत्या दवाखान्याचं सरकारी काम घेताना: निविदेपासून हस्तांतरणापर्यंत, खानदेशातल्या संस्थांसाठी

त्या महिन्याच्या देयकातून आमचे सहा दिवस कापले गेले. सहाही दिवस गाडी पाड्यांवर गेली होती. डॉक्टरांनी रुग्ण तपासले होते, सिस्टरांच्या रजिस्टरात नावं होती, आशाताईंच्या सह्या होत्या. पण शहाद्याहून धडगावचा घाट चढला की मोबाइलची रेंज जाते, आणि आमच्या करारनाम्यात एक ओळ होती: ज्या दिवशी जीपीएसवर वाहनाचं ठिकाण दिसणार नाही, त्या दिवसाचा मोबदला देय राहणार नाही. ही ओळ निविदेच्या कागदात पहिल्या दिवसापासून होती आणि आम्ही ती वाचलीही होती. अशा ओळीवर लेखी प्रश्न विचारता येतो आणि त्यासाठी एक ठरलेली तारीख असते, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी अशा कामांचे हिशेब आणि अहवाल पाहते आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या लहान संस्था, ट्रस्टचे दवाखाने, तालुक्याच्या गावी नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर मला फोन करून एकच विचारतात: ‘ताई, निविदा निघाली आहे, भरू का?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. न परवडणाऱ्या दरात घेतलेल्या कामाची तूट संस्था भरत नाही आणि सरकारही भरत नाही. ती सिस्टरच्या थकलेल्या पगारातून आणि रुग्णाला न मिळालेल्या औषधातून भरून निघते. म्हणून खरी मेहनत सही करण्याआधी करायची असते.

सरकार काय विकत घेतं

सरकारने बाहेरच्यांकडून आरोग्यसेवा घेणं आता रोजचं झालं आहे. १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून खासगी कंपनी चालवते. ग्रामीण रुग्णालयात घेतलेलं रक्त ‘महालॅब’कडे तपासायला जातं, तिथे एचएलएल ही केंद्र सरकारची कंपनी काम करते. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ला सुरू झाला, तोच मुळी खासगी भागीदारीच्या पायावर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे होता. म्हणजे खानदेशातल्या खासगी रुग्णालयांना या व्यवहाराची दशकभराहून जास्त सवय आहे.

प्रकार मात्र तीन आहेत, आणि त्यांची जोखीम वेगवेगळी आहे. पहिला अनुदानाचा: सामंजस्य करार होतो, हप्ते येतात, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. दुसरा निविदेचा: काम आधी करायचं, देयक नंतर लावायचं. तिसरा पॅनेलचा: दर सरकार ठरवतं, तुम्ही जोडून घेता आणि रुग्णामागे पैसे मिळतात. नर्सिंग होमसाठी तिसरा सोपा, कारण रुग्णालय आधीच उभं असतं. फिरत्या वैद्यकीय पथकाचं काम बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात येतं. लहान संस्था सगळ्यात जास्त तिथेच अडकतात, म्हणून पुढचं सगळं त्याच उदाहरणाने सांगते.

पहिली पायरी: पैसा कुठून येणार ते शोधा

जाहिरात दिसली की लगेच कागद गोळा करायला बसू नका. आधी विचारा, या कामाचा पैसा कोणत्या शीर्षाखाली आहे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा असेल तर तो अंमलबजावणी आराखड्यात, म्हणजे सगळे ज्याला पीआयपी म्हणतात त्यात, मंजूर झालेला असावा लागतो. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. तो राज्य आरोग्य सोसायटीकडून जिल्हा सोसायटीकडे उतरतो. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, पण मंजुरी आणि निधी खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे वर्षाचे पहिले काही महिने बिलं तुंबतात. मार्चमध्ये उलट होतं. सगळी बिलं एकदम मागितली जातात आणि एक सही राहिली तरी देयक पुढच्या वर्षात जातं.

सगळं आरोग्य खात्यातूनच येतं असंही नाही. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत, त्यांच्याकडूनही आरोग्याची कामं निघतात. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही निघतात. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकाच्या कार्यालयात लेखा विभागात बसणाऱ्या माणसाला नम्रपणे विचारा: या कामाचं बजेट हेड कोणतं, मंजुरी एका वर्षाची की तीन वर्षांची, आणि याआधी हे काम कोणाकडे होतं. आधीच्या संस्थेला शेवटचं देयक कधी मिळालं हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. निविदेची मुदत त्याआधी संपत असेल तर आधीच्या संस्थेच्या माणसाला जाऊन भेटा. मी नेहमी भेटते, आणि चहाच्या एका कपात जे कळतं ते निविदेच्या शंभर पानांत नसतं.

दुसरी पायरी: स्वतः गाडीत बसून गावं पाहा

अभियानाच्या नियमानुसार साधारण १० लाख लोकसंख्येमागे एक फिरतं पथक, आणि डोंगराळ, आदिवासी भागाला त्यात सवलत. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. पण अक्कलकुवा आणि अक्राणीत (म्हणजे धडगाव तालुक्यात) लोकसंख्येपेक्षा अंतर मोठं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी भागात २० हजारांमागे असावं, असा निकष आहे. सातपुड्यात ते २० हजार लोक किती टेकड्यांवर पसरलेले आहेत, हे त्या निकषात येत नाही. एका महसुली गावाचे सात-आठ पाडे असतात आणि शेवटच्या पाड्यावरून रुग्ण झोळीतच खाली येतो. नर्मदेकाठी सरदार सरोवराच्या फुगवट्यात आलेली ३३ गावं महाराष्ट्राची. तिथल्या काही पाड्यांना आजही होडीशिवाय पर्याय नाही.

निविदेसोबत गावांची यादी असते. ती घेऊन किमान चार दिवस फिरा. सोबत चालक हवा, कारण ‘ही गाडी इथे चढेल का’ याचं उत्तर तोच देऊ शकतो. प्रत्येक गावाचे किलोमीटर लिहा, आणि त्यासोबत या चार गोष्टीही लिहा.

जून ते सप्टेंबर रस्ता चालू असतो का. बाजाराचा दिवस कोणता, कारण त्या दिवशी पाड्यावर कोणी भेटत नाही आणि बाजाराच्या गावी सगळे भेटतात. लोक कधी बाहेर जातात: दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि भोंगऱ्या-होळीला परततात. आणि भाषा कोणती. साक्री, शिंदखेड्याकडे ‘डॉक्टर कव्हय ई, भाऊ?’ असं अहिराणीत विचारतील. धडगावात पावरी बोलणारी सिस्टर नसेल तर बाई पोटदुखीच्या पलीकडे काही सांगणार नाही.

ही वही पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

तिसरी पायरी: कागद

हे लवकर संपवते. संस्थेची नोंदणी (सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ची कंपनी), धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज अद्ययावत, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, डिजिटल सही, महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरचं खातं. नर्सिंग होम असेल तर १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा करार. विश्वस्त मंडळ बदललं आणि बदल अर्ज प्रलंबित राहिला, एवढ्या एका कारणावर चांगल्या संस्था तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच, बाद होतात. ते आजच तपासा. वस्तू व सेवा कराबद्दल सीएकडून लेखी मत घ्या. आरोग्यसेवेला सूट आहे, पण करारनाम्यात ‘मनुष्यबळ पुरवठा’ असा शब्द असेल तर प्रश्न वेगळा होतो.

चौथी पायरी: निविदा लाल पेन घेऊन वाचा

निविदा दोघांनी वेगवेगळी वाचावी, एक हिशेबाचा माणूस आणि एक प्रत्यक्ष गाडीवर जाणारा. मी लाल पेनाने खुणा करते त्या जागा अशा.

औषधं कोण देणार? ‘औषधे शासनाकडून पुरविण्यात येतील’ एवढंच लिहिलेलं असतं. पुरवठा थांबला तर बाहेरून घ्यायची का, कोणत्या दराने, परतावा कधी, हे लिहिलेलं नसतं. वाहन कोणाचं, आणि ते बंद पडलं तर किती तासांत दुसरं द्यायचं? डॉक्टर एमबीबीएसच हवा की बीएएमएस चालेल? डॉक्टर रजेवर गेला तर दिवस धरणार की नाही? महिन्याला किती दिवस, दिवसाला किती गावं, किती रुग्ण? दंड कशावर आणि त्याला वरची मर्यादा आहे का? मर्यादा नसलेला दंड मी तरी कधीही स्वीकारणार नाही. देयक किती दिवसांत देणार? करार कोण आणि किती दिवसांच्या नोटिशीने संपवू शकतो? बहुतेक वेळा फक्त सरकार संपवू शकतं. वाद झाला तर कोणापुढे जायचं? पुष्कळदा ज्या अधिकाऱ्याशी वाद होणार, त्याच्याच वरिष्ठांपुढे.

बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, आणि काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव या दोन्ही वेगळ्या लिहा. ठेव बँक हमीच्या रूपात असते आणि करार संपेपर्यंत तेवढे पैसे अडकून पडतात.

पाचवी पायरी: हिशेब

इथे घाई करू नका. खाली एका पथकाचा महिन्याचा हिशेब देते. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या वहीतले घालून पुन्हा मांडा.

डॉक्टर ६०,०००, सिस्टर २२,०००, औषधनिर्माता २०,०००, लॅब तंत्रज्ञ २०,०००, चालक १६,०००. पगार झाले १,३८,०००. मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचा हिस्सा मिळून सुमारे १२,०००. इथपर्यंत दीड लाख.

डिझेल: महिन्याला २४ दिवस, दिवसाला ९० किलोमीटर, म्हणजे २,१६० किलोमीटर. घाटात भरलेली गाडी लिटरला आठच्या वर देत नाही, म्हणून २७० लिटर. ९२ रुपयांनी २४,८४०, धरा २५,०००. दुरुस्ती आणि टायर १५,०००. सातपुड्यातला टायर मैदानातल्या टायरच्या निम्मंही आयुष्य काढत नाही, असं आमचा चालक सांगायचा, आणि बिलं पाहिल्यावर मला ते पटलं. विमा, पासिंग ५,०००. हातमोजे, स्ट्रिप्स, कचऱ्याची विल्हेवाट १२,०००. मुक्काम आणि जेवण १०,०००. रजिस्टर, छपाई, फोन ४,०००. समन्वयक आणि कार्यालय २५,०००. लेखापरीक्षण ३,०००. एकूण २,४९,०००. अडीअडचणीला पाच टक्के, म्हणजे साधारण १२,५००, मिळून २,६१,५००.

बहुतेक संस्था इथे थांबतात आणि हाच आकडा भरतात. राहते ती देयकाच्या उशिराची किंमत. समजा देयक सरासरी चार महिने उशिरा येतं. म्हणजे संस्थेला कायम १०,४६,००० रुपये स्वतःच्या खिशातून फिरते ठेवावे लागणार. ते १२ टक्क्यांनी उचलले तर वर्षाचं व्याज १,२५,५२०, म्हणजे महिन्याला १०,४६०. खरा खर्च झाला जवळपास २,७२,०००.

हे साडेदहा लाख तुमच्याकडे किंवा तुम्हाला देणाऱ्या बँकेकडे नसतील, तर निविदा भरू नका. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण असा फोन करणारी संस्था बहुतेक वेळा प्रामाणिक असते, वीस वर्षं त्याच पाड्यांवर काम केलेली असते. पण चौथ्या महिन्यात सिस्टरला ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं सांगायची वेळ मी स्वतः अनुभवली आहे. तिचा मुलगा शहाद्याला शिकत होता, फी भरायची होती. ती काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी तिने दुसरीकडे नोकरी धरली आणि तिच्यासोबत पावरी बोलणारं पथकातलं एकमेव माणूस गेलं. त्यानंतर गरोदर बायांची तपासणी निम्म्यावर आली. कागदावर सिस्टरचं पद दहा दिवसांत भरलं गेलं होतं.

दर कमी करून काम मिळवायचा मोह झाला तर हिशेबातल्या कोणत्या ओळीवर काट मारणार ते आधी स्वतःला विचारा. डिझेल कमी होत नाही. विमा कमी होत नाही. काट पगारावर पडते किंवा शेवटच्या पाड्यावर.

सहावी पायरी: निविदापूर्व बैठक

निविदेच्या वेळापत्रकात या बैठकीची तारीख असते. लहान संस्था तिला जातच नाहीत, त्यांना वाटतं ती मोठ्या कंपन्यांची बैठक आहे. जा. आणि त्याआधी लेखी प्रश्न द्या, ईमेलने आणि आवक शिक्का घेऊन. तोंडी उत्तराला किंमत नाही. उत्तर शुद्धिपत्रकात आलं तरच ते कराराचा भाग होतं.

प्रश्न तक्रारीच्या सुरात लिहू नका. कलम क्रमांक, अडचण आणि पर्याय, या क्रमाने लिहा. आमच्या त्या जीपीएसच्या ओळीसाठी पुढच्या वेळी आम्ही असं लिहिलं: ‘सोबतच्या यादीतील गावांत मोबाइल नेटवर्क उपलब्ध नाही. अशा गावांसाठी उपकरणात साठवलेली नोंद, नेटवर्कमध्ये आल्यावर ४८ तासांत अपलोड केल्यास ग्राह्य धरावी. तेही शक्य नसल्यास आशा स्वयंसेविका व सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या स्वाक्षरीचे भेटपत्रक ग्राह्य धरावे.’ सोबत गावांची यादी जोडली. शुद्धिपत्रकात पहिला पर्याय मान्य झाला. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला घाट माहीत होता. मसुदा मात्र राज्यभरासाठी एकच तयार झालेला होता आणि त्यात घाट नव्हता.

पावसाळ्याचा प्रश्न असाच विचारा. ‘महिन्यात २४ दिवस’ ऐवजी ‘वर्षात २८८ दिवस, मंजूर मासिक आराखड्यानुसार’ असं होऊ शकतं का? आकडा तोच राहतो, पण जुलैत बंद रस्त्याचा दंड लागत नाही आणि ते दिवस ऑक्टोबरात भरून काढता येतात. स्थलांतराचंही तसंच. जानेवारीत अर्धा पाडा गुजरातेत असताना रोजच्या रुग्णसंख्येचं उद्दिष्ट पूर्ण करायचं तर गाडी बाजारातच उभी करावी लागते.

सातवी पायरी: लिफाफा भरणं

निवड कशी होणार ते पाहा. ‘एल-१’ असेल तर सगळ्यात कमी दर जिंकतो. गुणवत्ता आणि दर दोन्ही धरणार असतील तर गणित वेगळं. समजा ७०:३० आहे, म्हणजे गुणवत्तेला ७० टक्के वजन आणि दराला ३०. तुम्हाला तांत्रिक ८५ गुण आणि तुमचा दर ४० लाख, दुसऱ्याला ७० गुण आणि दर ३४ लाख. सगळ्यात कमी दराला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणून दराचे गुण तुम्हाला ८५, त्याला १००. बेरीज: तुमचे ५९.५ आणि २५.५, म्हणजे ८५. त्याचे ४९ आणि ३०, म्हणजे ७९. सहा लाख जास्त दर असूनही काम तुम्हाला. म्हणून अशा निविदेत दर खाली ओढत बसण्यापेक्षा तांत्रिक प्रस्तावावर रात्री घालवा. तुमची चार दिवसांची वही इथे लावा: गाववार मार्गनकाशा, पावसाळी आराखडा, कोणती भाषा बोलणारी सिस्टर कुठल्या मार्गावर जाणार. बाहेरून आलेल्या कंपनीकडे हे नसतं.

निव्वळ ‘एल-१’ असेल तर तुमचा खरा दर भरा आणि काम गेलं तर जाऊ द्या.

अपलोड शेवटच्या दिवशी करू नका. सर्व्हर बसतो, वीज जाते.

आठवी पायरी: काय मोजलं जाणार

काम मिळालं की सहीच्या आधी निर्देशकांवर बोलायला थोडी जागा असते, ती वापरा. याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

कंबोडियात १९९९ ते २००३ या काळात काही जिल्ह्यांची आरोग्यसेवा संस्थांना कराराने दिली आणि काही सरकारकडेच ठेवून तुलना केली. करारातल्या जिल्ह्यांत उद्दिष्ट दिलेल्या सेवा चांगल्याच सुधारल्या. ज्या सेवांना उद्दिष्ट नव्हतं, त्यांत तसा फरक दिसला नाही. शेजारच्या गुजरातचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं. २००५च्या अखेरीस तिथे चिरंजीवी योजना सुरू झाली. गरीब बाईच्या बाळंतपणासाठी खासगी डॉक्टरला १०० बाळंतपणांमागे १,७९,५०० रुपये एकरकमी, साधं असो वा सिझेरियन. विनाकारण सिझेरियन करण्यात फायदा राहू नये म्हणून ही चांगली युक्ती होती. पण २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, योजनेमुळे दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण ठळकपणे वाढल्याचं आढळलं नाही. माझ्या मते यातून आपण घ्यायचं ते हे: दर कितीही विचार करून ठरवला तरी दवाखाना जिथे आहे तिथेच राहतो, आणि बाईला तिथपर्यंत यावं लागतं.

फिरत्या पथकाचा सगळ्यात घातक निर्देशक म्हणजे दिवसाची रुग्णसंख्या. ‘रोज किमान ५० रुग्ण’ म्हटलं की गाडी रस्त्यालगतच्या मोठ्या गावात थांबते. आमचीही थांबली. एका महिन्याचं रजिस्टर मी ओळीओळीने पाहिलं तेव्हा सर्दी, अंगदुखी, सर्दी, खाज, अंगदुखी अशी पानंच्या पानं होती. नावं तीच, दर पंधरा दिवसांनी. वरच्या तीन पाड्यांची नावं पूर्ण महिन्यात एकदाही नव्हती. उद्दिष्टाच्या रकान्यात मात्र ११२ टक्के लिहिलेलं होतं.

त्याऐवजी हे मागा. ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, आणि त्यात दुर्गम म्हणून खूण केलेल्या पाड्यांवरच्या किती. यादीतल्या गरोदर मातांपैकी किती जणींच्या चार तपासण्या झाल्या आणि हिमोग्लोबिन मोजलं गेलं. सिकलसेल, रक्तदाब, मधुमेह, क्षयाचे नोंदलेले रुग्ण गेल्या भेटीत औषध घेऊन गेले का. भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलचं काम या गाडीने केलं नाही तर मुलाला दर महिन्याला धडगाव किंवा मोलगी गाठावं लागतं. ठरलेल्या वीसएक औषधांपैकी किती औषधं किती दिवस नव्हती. पुढे पाठवलेले रुग्ण खरोखर पोहोचले का. पाच-सहा निर्देशक पुरेत. पंचवीस ठेवले तर सिस्टर संध्याकाळभर तक्तेच भरत बसते.

देयकाचा मोठा भाग, समजा ८० टक्के, गाडी ठरल्याप्रमाणे चालल्यावर मिळावा आणि उरलेला या निर्देशकांवर. सगळं कामगिरीवर बांधलं तर लहान संस्था पहिल्याच पावसाळ्यात बुडेल.

नववी पायरी: पहिले तीन महिने

वेगळं बँक खातं, वेगळं कॅशबुक, प्रत्येक डिझेल पावतीवर किलोमीटरचं रीडिंग. देयकाचा नमुना कार्यालयाकडून पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. त्यात कोणती जोडपत्रं लागतात, कोणाच्या सह्या लागतात, ते भिंतीवर लावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची सही लागत असेल तर महिना संपायच्या आधी त्यांना कच्चा अहवाल दाखवा, म्हणजे सहीच्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न निघत नाहीत. देयक दर महिन्याला त्याच तारखेला द्या, पोच घ्या. कपात झाली तर कारण लेखी मागा आणि सात दिवसांत उत्तर द्या. गप्प राहिलात तर पुढच्या महिन्यात ती रीत होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या खासगी सेवापुरवठादाराला २००६च्या कायद्याने ४५ दिवसांनंतरच्या उशिरावर व्याज मागता येतं.

उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. त्यांना वाटतं ही गाडी आपलं काम खाणार किंवा आपल्यावर लादलं जाणार. दोघींचं रजिस्टर एक नसलं तरी गरोदर मातांची यादी एकच ठेवा. आमच्याकडे या एका गोष्टीने जेवढं सुरळीत झालं तेवढं कोणत्याही समन्वय बैठकीने झालं नाही.

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातलं गुंबळ्ळीचं प्राथमिक आरोग्य केंद्र १९९६ला करुणा ट्रस्टने चालवायला घेतलं, पुढे अरुणाचल प्रदेशातही केंद्रं घेतली. त्यांचे डॉक्टर आणि कर्मचारी केंद्राच्या गावीच राहत. आपल्याकडेही डॉक्टर शहाद्याहून रोज ये-जा करतो की मुक्कामी राहतो, यावर पथकाचा दिवस दोन तासांनी लहान-मोठा होतो. मुक्कामाचे दहा हजार हिशेबातून कधीही कापू नका.

दहावी पायरी: गावासमोर हिशेब

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २००७पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत नंदुरबार होता. त्यामुळे जनसुनवाई हा शब्द आपल्याकडे नवा नाही. तुमच्या गाडीचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा: तारीख, वेळ, कोणत्या सेवा, सगळं मोफत आहे ही ओळ ठळक, आणि गाडी आली नाही तर कोणाला फोन करायचा तो नंबर. नंबर कार्यालयाचाही असू द्या, फक्त तुमचा नको.

दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घ्या. किती वेळा यायचं होतं, किती वेळा आलो, का नाही आलो. पहिल्या वेळी लोक रागावतील, रागावू द्या. एका सभेत एक म्हातारे काका उठले आणि म्हणाले, गाडी येते तेव्हा आम्ही शेतात असतो, मग ती येते कोणासाठी? आम्ही त्या पाड्याची वेळ सकाळी साडेसातची केली. डॉक्टर कुरकुरले, पण पुढच्या महिन्यात त्या पाड्यावरून रक्तदाबाचे अकरा रुग्ण पहिल्यांदा नोंदले गेले.

नर्सिंग होम पॅनेलवर असेल तर ही पायरी आणखी कडक. फुले योजनेतल्या रुग्णाकडून पॅकेजमधल्या कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत, बाहेरून औषध आणायची चिठ्ठी द्यायची नाही. काउंटरवर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, नाव आणि १५५३८८ हा योजनेचा नंबर दिसेल असा लावा.

शेवटची पायरी: काम सोडताना

करार संपतो तेव्हा बहुतेक संस्था गाडी परत करून मोकळ्या होतात. संपायच्या तीन महिने आधी हस्तांतरणाचं पत्र द्या आणि पुढे कोण येणार हे लेखी विचारा. कोणी येणार नसेल तर रुग्ण उपकेंद्रावर वर्ग करावे लागतील. सिकलसेल, क्षय, रक्तदाब, मिरगी अशा औषध चुकवू नये अशा प्रत्येक रुग्णाचं नाव, पाडा, औषध, शेवटची तारीख आणि पुढची तारीख असा एक तक्ता करा. त्याच्या तीन प्रती काढा: तालुका आरोग्य अधिकारी, उपकेंद्राच्या सिस्टर आणि त्या गावच्या आशाताई. रुग्णाच्या हातात त्याचं कार्ड आणि किमान एक महिन्याचं औषध द्या. शेवटच्या फेरीत डॉक्टरांनी प्रत्येक पाड्यावर सांगावं की पुढच्या महिन्यात ही गाडी येणार नाही, औषध अमुक ठिकाणी मिळेल. सुरक्षा ठेव परत मागण्याचा अर्ज, उरलेल्या औषधांची यादी, गाडीचं शेवटचं रीडिंग आणि किल्ल्यांची पोच एकाच दिवशी घ्या.